वाट पाहणं आणि लक्ष ठेवणं

१२ जानेवारी

आत्या,

वर 'प्रिय' लिहिलं, खोडलं आणि नवा कागद घेतला. खोडलेला कागद पाठवणं बरं दिसलं नसतं, आणि न खोडता पाठवला असता तर तू म्हणाली असतीस, इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंस ते प्रिय. तेव्हा नुसतंच आत्या.

फोन तू उचलत नाहीस. पण औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलंसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई तू, पत्र न वाचता टाकणार नाहीस, म्हणून पत्र.

घरी सगळे ठीक आहेत. हे पत्र कामाचं आहे, तेव्हा कामाचंच लिहिते.

मी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात दुभाषी म्हणून लागले आहे. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, आपली माणसं मराठीत, आणि मी मधल्या स्टुलावर. सुरुवातीलाच दोघांना सांगायचं असतं: जे बोललं जाईल ते सगळं सांगेन, पदरचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही. पेशंट 'माझं पोट दुखतं' म्हणाला की मीही डॉक्टरांना 'माझं पोट दुखतं' असंच म्हणते, 'यांचं' म्हणत नाही. सुरुवातीला दिवसभर इतक्या लोकांची पोटं माझ्या तोंडून दुखायची की घरी येऊन मला जेवण जात नसे. मला स्वतःला काही विचारायचं असेल तर 'दुभाषी विचारते आहे' असं म्हणून विचारायचं, म्हणजे कोण बोलतंय याचा घोळ होत नाही.

बरोबरच्या मुली म्हणतात, हे जमायला त्यांना फार वेळ लागला. मला नाही लागला. 'तुझ्या बापाला सांग, गिझर चालू आहे.' 'तुझ्या आत्याला सांग, मला डोळे आहेत.' तुझं नि बाबांचं बोलणं माझ्या तोंडून, स्वयंपाकघर ते पुढची खोली, पुढची खोली ते स्वयंपाकघर. निरोप तोच ठेवायचा आणि त्यातला कडवटपणा वाटेत सांडून यायचं, हे मी फ्रॉकमध्ये असताना शिकले. आता मात्र कडवटपणाही जसाच्या तसा पोचवावा लागतो. ते जड जातं.

आणि शब्द तू शिकवलेस. हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून आलीस की पाय समोरच्या खुर्चीवर टाकून. साइन म्हणजे दुसऱ्याला दिसतं ते, सिम्प्टम म्हणजे ज्याचं त्याला जाणवतं ते. 'तुझ्या बापाचे कान लाल झाले, ही साइन. आत काय जळतंय तो सिम्प्टम, आणि तो काही केल्या सांगायचा नाही.' अक्यूट म्हणजे जोराचं नव्हे, एकाएकी आलेलं. 'शेजारीण न सांगता आली, अक्यूट. उठायचं नाव घेईना, क्रॉनिक. गायला लागली, सिव्हिअर.' अजूनही हे शब्द कानावर पडले की माझ्या डोळ्यांपुढे ती शेजारीणच येते.

आता प्रश्न. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर दोन गोष्टी म्हणतात, ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स आणि वॉचफुल वेटिंग. दोन्हींत आत्ता ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. पेशंटला दोन्ही सारख्याच वाटतात: काही करायचं नाही, घरी जा. पुस्तकातला फरक मला ठाऊक आहे. मला तुझ्याकडून हवा आहे, पेशंटच्या गळी उतरेल असा.

पेशंट साठी ओलांडलेले आहेत. तब्येत उत्तम, अजून कामावर जातात, जिने चढतात, चहात साखर कमी करायला तयार नाहीत. डॉक्टरांना 'ती पोरं' म्हणतात. आजार अगदी सुरुवातीचा आणि सावकाश चालणारा आहे. पण त्यांनी तपासण्याच बंद केल्या आहेत.

घाई नाही. पण लवकर लिही.

२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी, आणि त्याही अशा: 'पेशंट चहात साखर किती घेतो हे हॉस्पिटलच्या कोणत्या कागदावर असतं? कान लाल होतात का त्याचे? खरं लिही, मग उत्तर देते.'

होतात.

मी खोटं लिहिलं नव्हतं, एवढं माझ्या बाजूने म्हणू दे. 'घरी सगळे ठीक आहेत' हे वाक्य पुन्हा वाचलं आणि ते तेवढं खोटंच निघालं. तेव्हा आता सरळ लिहिते.

पावसाळ्यानंतर बाबांच्या रक्तात एक आकडा वाढलेला निघाला. मग सुईने तुकडा काढून तपासणी झाली. कॅन्सर छोटा आहे, मंद जातीचा आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. पण घरच्या माणसासाठी दुभाष्याचं काम करायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून बाबांबरोबर आमचे मास्तर आत गेले. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने, आधी शाळेत शिकवायचे, अजूनही खिशात खडू असावा असं वाटतं. मी तेव्हा वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीजवळच्या स्टुलावर होते.

संध्याकाळी घरी आले तर बाबा शर्ट खुंटीला लावत होते.

"काय म्हणाल्या?"

"वाट पाहायची म्हणाल्या."

"कसली वाट?"

"ते नाही सांगितलं. पण मी काय लहान आहे?" मग शर्टाची घडी सरळ करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आत्याचाही हाच शब्द होता."

इतक्या वर्षांत तुझा उल्लेख त्यांनी आपणहून पहिल्यांदा केला. तो असा केला.

कागद मी पाहिला. त्यावर स्वच्छ लिहिलंय, ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स. म्हणजे ठरलेल्या काळाने रक्त तपासायचं, वर्षभरात पुन्हा सुई, आणि जरा काही हललं की लगेच उपचार. मी त्यांना हे सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. बाबांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू माझी मुलगी. तू गोडच सांगणार."

आत्या, घरच्यांनी दुभाषी होऊ नये हा नियम का आहे, ते मला त्या हातामुळे कळलं. मी खरं सांगत होते आणि माझ्या खऱ्याला काही किंमत नव्हती. आईने रडून पाहिलं, त्याचा परिणाम उलटाच झाला. 'ही रडते म्हणजे हिला ठाऊक आहे,' असं ते म्हणाले.

तेव्हापासून रक्ताची एक तारीख चुकली आहे. मार्चमध्ये भेट आहे आणि त्यात सुईची तारीख ठरायची आहे. ते म्हणतात, जाणार नाही, नुसतं बघत बसणाऱ्यांच्या दारात कशाला जायचं. हा आजार नजरेखाली आहे तोवर धोक्याचा नाही. नजरेआड गेला तर कुठवर जाईल, ते तुला मी सांगायला नको.

म्हणून तुला लिहिलं. तू गोड सांगत नाहीस, हे बाबांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू 'बरा होशील' म्हणालीस तर त्यांना ते खरं वाटेल. त्यांना एक फोन कर.

२५ फेब्रुवारी

आत्या,

या वेळी तुझं पत्र लांब होतं. स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं.

फरक तू लिहिलास तसा मी आजवर कुठे वाचला नव्हता. 'सर्व्हेलन्समध्ये बरं करायचा बेत कायम असतो, फक्त तो आज अमलात आणत नाहीत. वेटिंगमध्ये बरं करायचा बेत सोडलेला असतो, माणसाला सोडलेलं नसतं. आईचं दुसरं होतं. दादाचं पहिलं आहे.'

आजीच्या वेळचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पोटातली गाठ, थकलेलं हृदय, बाबांनी धावपळ करून गाठलेला तो सर्जन, जो ऑपरेशनला तयार होता. आणि दारात उभी राहून नको म्हणणारी तू. मग आजी घरीच राहिली. तू तिला दुखू दिलं नाहीस, एवढं मला पक्कं आठवतं, कारण ती शेवटच्या आठवड्यातही माझी वेणी घालायची आणि घट्ट घालायची. तेराव्यानंतर बाबा तुला काय म्हणाले ते मी पुढच्या खोलीतून ऐकलं होतं. तू तिच्या मरणाची वाट पाहत बसलीस. तो निरोप कुणी माझ्याकडे दिला नव्हता, तरी मीच तो इतकी वर्षं वागवते आहे.

पण तुझ्या पत्रातलं पुढचं वाक्य मला नवीन होतं. 'आईला मी विचारलं होतं. ती काय म्हणाली ते दादाने मला कधी विचारलं नाही.'

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. जिभेवर आलं होतं. रोज येतं. सांगितलं तर कदाचित सगळं सोपं होईल, आणि ते कसं सांगायचं तेही मला येतं. पण ते बोलणं तुझं आहे आणि विचारणं त्यांचं आहे. मी मध्ये पडले तर पुन्हा गिझर चालू आहे आणि मला डोळे आहेत, एवढंच शिल्लक राहील.

तू सुचवलेला लिफ्टच्या दोराचा दाखला मात्र मी वापरला. रविवारी बाबा लिफ्टखात्यातली हत्यारांची पेटी पुसत बसले होते तेव्हा.

"बाबा, लिफ्टचा दोर तुम्ही तपासता ना?"

"मग काय पूजा करतो?"

"एखादी तार तुटलेली दिसली की लगेच दोर बदलता?"

"एका तारेने काय होतंय. मोजायच्या, लिहून ठेवायच्या, पुढच्या फेरीला परत बघायच्या. हद्दीबाहेर गेल्या की बदलायचा."

"म्हणजे तोवर तुम्ही नुसती वाट पाहता?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. कान बघ कसे झाले असतील.

"हे तुला कुणी शिकवून पाठवलं ते कळतंय मला. पोस्टाची तिकिटं घरात कोण आणतंय, तेही कळतंय." मग पेटीचं झाकण लावून म्हणाले, "दोराला आई नसते."

तुझा दाखला चुकीचा नव्हता, आत्या. त्यांना दोर बरोबर समजला. न समजलेलं दुसरंच काहीतरी आहे.

आता तुझ्या नकाराबद्दल. 'दादाने विचारलं तर सांगेन. न विचारता एकदा सांगितलं, त्याचं काय झालं ते तू पाहिलंस.' पाहिलं. तरी मला हे पटत नाही, आणि मोठ्यांना असं लिहू नये, तरी लिहिते. तुम्ही दोघं एकमेकांनी आधी बोलावं म्हणून थांबला आहात. त्यात तुमचं काही अडत नाही, तुम्हाला सवय आहे. त्यांच्या आजाराला मात्र तुमची सवय नाही.

एवढं खरं, की ते मार्चच्या भेटीला यायला तयार झाले आहेत. अट अशी, की 'आता मला बोलवू नका' हे ते स्वतःच्या तोंडाने सांगणार आणि परत येणार. आईने मला खूण केली, आधी येऊ तर देत. मी घरची म्हणून बरोबर बसेन. मास्तरच असतील. मी इंग्रजीचा एक शब्द बोलणार नाही असं ठरवलंय. मधे तोंड घातलं तर तेही गोडच ठरेल.

१२ मार्च

आत्या,

काल गेलो. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. कुठे माझं मत असेल तिथे माझं आहे असं लिहीन.

खोली लहान होती, टेबल, तपासायचा पलंग, भिंतीवर मूत्रमार्गाचं चित्र. बाबांनी त्या चित्राकडे पाठ येईल अशी खुर्ची ओढून घेतली. मास्तर स्टुलावर. मी दाराशी, पर्स मांडीवर घट्ट धरून. मास्तरांनी आपलं नेहमीचं म्हटलं, सगळं सांगेन, पदरचं घालणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त का दिलं नाहीत. बाबांनी घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"त्यांना म्हणावं, माझ्या आईबद्दल एक विचारायचंय."

मास्तरांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, विचारा.

मग बाबांनी आजीचं सगळं सांगितलं. गाठ कुठे होती, किती वय होतं, हृदयाचा कागद काय म्हणत होता, पायांना सूज कधीपासून होती, सर्जन कोण होता. आत्या, त्यांना सगळं पाठ आहे. एकही गोष्ट चुकली नाही. मला वाटायचं ते फक्त रागावलेले आहेत. इतकी वर्षं ते ती फाइल डोक्यात उघडून बसलेले असतील, हे मला माहीत नव्हतं. (हे माझं.)

शेवटी म्हणाले, "तुम्ही असता तर ऑपरेशन केलं असतं का?"

बाईंनी आधी दोन प्रश्न विचारले, श्वास किती लागायचा, आणि पडून झोपता येत होतं का. बाबा म्हणाले, नाही, उशा लावून बसूनच झोपायची. मग बाई बोलल्या आणि मास्तरांनी सांगितलं:

"मी केलं नसतं. त्या टेबलावरून उठल्या नसत्या. दुखू नये याची काळजी घेतली असती आणि घरी ठेवलं असतं."

बाबा मास्तरांकडे वळले. "हे तुमचं की त्यांचं?"

"त्यांचं," मास्तर म्हणाले. "माझं मी घरी ठेवून येतो."

"परत सांगा."

मास्तरांनी बाईंना सांगितलं की ते पुन्हा ऐकू इच्छितात. बाईंनी पुन्हा तेच म्हटलं, मास्तरांनी पुन्हा तेच सांगितलं, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला. पुसायला काही नव्हतं त्यावर.

"मग मलाही तसंच ठेवताय ना घरी," ते म्हणाले. रागाने नव्हे. हिशेब जुळवून पाहावा तसे.

बाई चक्रावल्या. तेव्हा मास्तर म्हणाले, "दुभाषी विचारतो आहे," आणि इंग्रजीत बाईंना विचारलं, या दोन्हींत फरक काय, पेशंटला सांगता येईल असा. मी ओठ दाताखाली धरले होते, आत्या. उत्तर मला येत होतं. तुझ्याच अक्षरात येत होतं.

बाई म्हणाल्या, "तुमच्या आईचं शरीर उपचार सोसू शकत नव्हतं. तुमचं सोसू शकतं. तुमच्यासाठी उपचार तयार ठेवलेले आहेत, गरज दिसली त्या दिवशी सुरू करेन. म्हणून तर सारखी बोलावते. सोडून द्यायचं असतं तर तुम्ही रक्त दिलं नाही हे मला कळलंही नसतं."

हे सांगून झाल्यावर मास्तर थांबले आणि म्हणाले, "आता मी माझं बोलतो. मागच्या वेळी 'वाट पाहायची' हे शब्द मी घातले. बाईंनी 'लक्ष ठेवायचं' म्हटलं होतं. मला ते दोन्ही सारखेच वाटले. चूक माझी." आणि तेच इंग्रजीत बाईंनाही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी. (मला मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं. हेही माझं.)

बाबांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही लिफ्टखात्यात असता तर मी तुम्हाला दोराला हात लावू दिला नसता." मास्तर हसले. बाबाही हसले, आणि हे वाक्य भाषांतर करायचं की नाही या विवंचनेत मास्तरांनी तेही करून टाकलं. बाईंना लिफ्टचं काहीच कळलं नाही.

रक्त त्यांनी तिथेच खाली दिलं. सुईची तारीख स्वतः काउंटरवर जाऊन घेतली, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. मला हात लावू दिला नाही. तपासणीत काय निघेल ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहिणार नाही. पण ते जाणार आहेत.

घरी आलो ते बसने. उतरल्यावर, घराच्या कोपऱ्यावर उभे राहून बाबा म्हणाले, "तिचा नंबर तोच आहे का?"

मी म्हटलं, "तोच."

"उचलते का?"

"माझा नाही उचलत."

"हं. रविवारी सकाळी करतो," म्हणाले, आणि खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतला. मोबाइल त्यांच्या दुसऱ्या खिशात होता.

आत्या, रविवारी सकाळी तुला फोन येईल. नंबर तुझ्या ओळखीचा नसेल, त्यांनी मधे बदलला आहे. उचल. आधी गच्चीवरच्या टाकीच्या गळतीबद्दल सांगतील, मग तिकडे थंडी आहे का विचारतील, मग टाकीबद्दल पुन्हा सांगतील. ऐकून घे. आजी काय म्हणाली होती हे विचारायला त्यांना वेळ लागेल. विचारलं की मात्र आडून सांगू नकोस आणि गोड करूनही नकोस, तिने म्हटलं तसंच सांग.

ती काय म्हणाली ते मला कळवू नकोस. मी त्या वेळी भाजी आणायला जाणार आहे, आईलाही बरोबर नेते आहे, आणि बाजारात आम्ही दोघी मुद्दाम उशीर करणार आहोत.